कटु, कडू, कडवा

नागपूरच्या मनीषनगरात सावजी रस्सा आणि काळी स्टाउट एकाच टेबलावर आली, तर आपण रश्श्याला तिखट म्हणू आणि बिअरला कडू. चरकांनी रश्श्याला ‘कटु’ म्हटले असते, बिअरला ‘तिक्त’. षड्रसांतला कटु म्हणजे तिखटच. म्हणून तर सुंठ, मिरे, पिंपळी यांचे त्रिकटू. कडुनिंब तो तिक्त. कटुक, कडुअ, कडू ही ध्वनींची वाट अगदी सरळ आहे. अर्थ मात्र वाटेत वळला.

‘तिखट’चे नाते तिक्ताशी नसून ‘तीक्ष्ण’शी दिसते. तिक्ताचा वंश बंगालीत ‘तेतो’, नेपाळीत ‘तितो’ म्हणून नांदतो, दोन्हींचा अर्थ कडूच. मराठीत ती जागा रिकामी पडली आणि कटु तिथे सरकला असावा. सरकण्याची खूण हिंदीत उरली आहे: तिकडे मोहरीचे तेल म्हणजे ‘कड़वा तेल’, आणि मोहरी तर झणझणीत! तमिळमध्ये मोहरीचे नावच ‘कडुगु’. काही विद्वान कटुचे मूळ द्राविडी ‘कडु’त, म्हणजे उग्र, प्रखर या अर्थात शोधतात. मला ते पटते, कारण आपला ‘कडवा’. कडव्या सैनिकाची चव कोणी घेतलेली नसते. तिथे तो जुना उग्रपणाच शिल्लक असावा.

आता ‘स्टाउट’ पाहा. जुन्या फ्रेंचमधला ‘एस्तूत’ म्हणजे शूर, मानी; जर्मन ‘श्टोल्त्स’ त्याचाच भाऊबंद. सतराव्या शतकात इंग्लंडात हे विशेषण जोरकस बिअरला लागले. रंगाशी त्याचा संबंध नव्हता, फिकी स्टाउटही असे. पुढे ‘स्टाउट पोर्टर’मधला पोर्टर गळाला आणि काळेपणा चिकटून राहिला. बेसा रस्त्याच्या बिअर शॉपीत ‘स्ट्राँग’ मागणारा, म्हणजे 5 टक्क्यांपलीकडची मागणारा, नकळत स्टाउटचा मूळ अर्थच उच्चारतो. ‘स्टाउट’ सैनिकाला मराठीत म्हणायचे झाले, तर कडवाच म्हणावे लागेल.

स्टाउटची पारख करायची तर आधी तिचा गारठा जरा उतरू द्यावा. बर्फगार घोटात काहीच कळत नाही. भाजलेल्या जवाचा खरपूस वास आधी येतो, हॉप्सचा कडवटपणा मागून येऊन रेंगाळतो. खरपूस आणि करपट यांतली रेघ बारीक आहे, पण करपट लागली की ती स्टाउट फसली. घोटानंतर तोंड कोरडे करतो तो तुरटपणा, संस्कृतातला ‘तुवर’. तुरटी त्याच घरची. बहुधा आपली तूरही, कारण ‘तुवरी’ हे नाव दोघींना आहे.

फारसीत कडू म्हणजे ‘तल्ख’ आणि कडवटपणा म्हणजे ‘तल्खी’. नागपूरच्या मे महिन्यातली उन्हाची तलखी तीच असावी. कटु तिखटाकडून कडूकडे आला, तल्खी कडूकडून दाहाकडे गेली. ‘तलखी’ चवीसाठी वापरलेली कोणी ऐकली असेल, तर मधली पायरी हाती लागेल.