मिरचीपूर्वीचा बांगडा

फराळाचे डबे रिकामे होत आले की आम्हां मालवणकडच्या माणसांना मासळीची आठवण येऊ लागते. गोडधोडाने जीभ अगदी आळसावते! अशाच एका दिवाळीनंतर आत्याच्या स्वयंपाकघरात माझा इतिहास आणि तिचा तवा यांची गाठ पडली.

त्या वर्षी पोटाच्या दुखण्यामुळे मला मिरची वर्ज्य होती. बांगड्याला लाल मसाला लावता येईना, म्हणून आत्या हळहळत होती. "हो मसालो आमच्या पणजेपासूनचो!" असे ती अभिमानाने सांगे. मी मास्तर, गप्प कसा बसणार? म्हटले, "आत्या, पणजीपासूनचा असेल, पण तिच्या पणजीच्या पणजीने मिरची पाहिलीही नसेल."

मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 साली. ती आपल्या किनाऱ्यावर आली त्यांच्याच गलबतांतून. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात मिरीवर स्वतंत्र संवाद आहे, मिरचीवर नाही. भिरंडाची मात्र त्याने नोंद घेतली आहे, आणि नारळ खवून, दूध काढून त्यात भात शिजवतात हेही लिहून ठेवले आहे. आपल्या भाषेने तर पाहुणीला नावसुद्धा घरातल्या मिरीवरूनच दिले.

मासळीला आंबट लावण्याची रीत मात्र फार जुनी. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात माशाचे तुकडे धुऊन, चिंचेच्या कोळात शिजवून, गव्हाचे पीठ लावून तेलात तळण्याची कृती आहे. वर सैंधव, वेलदोडा आणि मिरी. राजाची जीभ, तेव्हा वेलदोडा आलाच! आंबटाने माशाचा हिवस मरतो, मिठाने जादा पाणी सुटते. हे राजालाही ठाऊक होते आणि आमच्या आत्यालाही.

एवढे ऐकून आत्या म्हणाली, "मगे तसोच करतंय." तिने बांगड्यांना चिरा दिल्या, मीठ, हळद, कोकमाचे आगळ आणि जाडसर कुटलेली मिरी चोळून अर्धा तास ठेवले, मग तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडले. नारळाच्या पहिल्या रसात आगळ आणि ठेचलेली लसूण घालून दाट गुलाबी सोलकढी केली. ती तिने पेल्यात न देता वाटीत दिली, बांगड्याला लावून खाण्यासाठी.

पहिल्या घासाला तोंड मिरचीची वाट पाहत राहिले. दुसऱ्याला मिरीचा उबदार तिखटपणा हळूच घशाशी आला, त्यावर खोबऱ्याचा थंड गोडवा पसरला, आणि मुख्य म्हणजे बांगडा बांगड्यासारखा लागला. एरवी लाल मसाल्याखाली मी काय खात होतो कोण जाणे! आजाऱ्याचे पथ्य म्हणून वाढलेल्या त्या ताटात मला पणजीच्या पणजीचे घर दिसले.

आत्यानेही एक तुकडा चाखला. बराच वेळ काही बोलली नाही. मग मान डोलावून म्हणाली, "बरो लागता रे."

आणि दुसऱ्या घाण्याच्या बांगड्यांना तिने मुकाट्याने लाल मसाला लावला.