गुप्तहेरपटांच्या शीर्षकसंगीताची इलेक्ट्रॉनिक रूपांतरे

गुप्तहेरपटांच्या शीर्षकसंगीताची इलेक्ट्रॉनिक रूपांतरे म्हणजे हेरगिरीवर आधारित चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका यांच्या गाजलेल्या धुना सिंथेसायझर, ड्रम मशीन, सॅम्पलर आणि संगणक यांच्या साहाय्याने नव्याने घडवून ध्वनिमुद्रित केलेल्या रचना होत. १९९०च्या दशकात ब्रिटन व अमेरिकेत हा प्रकार विशेष लोकप्रिय झाला. मुंबईत तयार झालेल्या हिंदी गुप्तहेरपटांचे व गुन्हेपटांचे संगीतही १९९८ पासून अशा रूपांतरांचा विषय झाले. मूळ धून कोणाची, वाजवणारे कोण आणि नव्या रूपाचे श्रेय कोणाकडे जाते, हे प्रश्न या प्रकाराशी आरंभापासून जोडलेले आहेत.

संज्ञा

या क्षेत्रात तीन शब्द वारंवार येतात व त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. मूळ रचना नव्या वादक-गायकांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केली, तर तिला कव्हर व्हर्जन म्हणतात. मूळ ध्वनिमुद्रणाचेच घटक सुटे करून त्यांना नवा ठेका व नवी मांडणी दिली, तर ते रिमिक्स होय. मूळ ध्वनिमुद्रणातील छोटासा तुकडा उचलून तो सर्वस्वी वेगळ्या रचनेत गुंफणे म्हणजे सॅम्पलिंग. इलेक्ट्रॉनिक रूपांतरांत या तिन्ही पद्धती अनेकदा एकत्र आढळतात; तथापि कायद्याच्या दृष्टीने त्यांतील भेद महत्त्वाचा ठरतो.

मूळ धुना आणि त्यांची घडण

जेम्स बाँडची धून

‘डॉक्टर नो’ (१९६२) या पहिल्या बाँडपटासाठी माँटी नॉर्मन यांनी दिलेली धून मुळात एका अपूर्ण राहिलेल्या संगीत नाटकासाठी रचलेली होती. हे नाटक व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) या कादंबरीवर बेतलेले होते. कादंबरीतील पात्रे त्रिनिदादमधील भारतीय वंशाची असल्याने मूळ गीताला भारतीय वळण दिलेले होते. पुढे जॉन बॅरी यांनी तिचे वाद्यवृंदासाठी संयोजन केले व व्हिक फ्लिक यांनी ती विद्युत गिटारवर वाजवली. जगभर पाश्चात्त्य हेरगिरीची खूण मानल्या गेलेल्या या धुनेचे मूळ अशा रीतीने एका स्थलांतरित भारतीय कुटुंबाच्या कथेपर्यंत पोहोचते.

धुनेखालील चार पायऱ्यांची स्वरमालिका भारतीय परिभाषेत सांगता येते. मूळ सूर षड्ज मानल्यास ती पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत आणि पुन्हा कोमल धैवत अशी फिरते. दोन्ही धैवत लागोपाठ आल्याने संशयाचा व पाळत ठेवल्याचा भाव निर्माण होतो. ही मालिका लहान व आवर्ती असल्यामुळे इलेक्ट्रॉनिक संगीतातील लूप, म्हणजे पुनःपुन्हा फिरणाऱ्या तुकड्याच्या पद्धतीत ती सहज बसते.

मिशन इम्पॉसिबलची धून

‘मिशन: इम्पॉसिबल’ (१९६६) या अमेरिकी मालिकेसाठी लालो शिफ्रिन (१९३२–२०२५) यांनी पाच मात्रांची धून रचली. तिच्या एका आवर्तनात दीड-दीड मात्रांचे दोन दीर्घ व एक-एक मात्रेचे दोन ऱ्हस्व आघात येतात. मोर्स लिपीत मालिकेच्या नावाची आद्याक्षरे दोन दीर्घ व दोन ऱ्हस्व खुणांनीच लिहिली जातात. दहा मात्रांच्या झपतालाचे अर्धे आवर्तन पाच मात्रांचे असल्याने भारतीय श्रोत्याला ही मात्रासंख्या परकी नाही. मात्र तिची विभागणी झपतालाहून भिन्न आहे.

पाश्चात्त्य रूपांतरे

बाँडपटांच्या संगीतात इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा प्रवेश रूपांतरांच्या लाटेपूर्वीच झाला होता. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९) या चित्रपटाच्या शीर्षकसंगीतात जॉन बॅरी यांनी मूग सिंथेसायझर वापरला. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) साठी मार्विन हॅम्लिश यांनी ‘बाँड ७७’ या नावाने मूळ धुनेला डिस्कोचा ठेका दिला.

१९९६ मध्ये ‘मिशन: इम्पॉसिबल’ या चित्रपटासाठी यू टू वाद्यवृंदातील ॲडम क्लेटन व लॅरी मुलेन यांनी शिफ्रिन यांच्या धुनेचे नृत्यानुकूल रूप तयार केले. त्यात धुनेचा मुख्य भाग पाच मात्रांऐवजी चार मात्रांत बसवण्यात आला. नृत्यगृहातील पावलांना सम-विषमाची अडचण राहिली नाही. पण मूळ धुनेतील अडखळती अस्वस्थता कमी झाली. ही मुद्रिका ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या दहांत पोहोचली.

१९९७ हे वर्ष या प्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. संगीतकार डेव्हिड अरनॉल्ड यांनी ‘शेकन अँड स्टर्ड’ या संचात अनेक कलावंतांकडून बाँडगीतांची नवी रूपे करवून घेतली. त्यांत लेफ्टफील्ड व एलटीजे ब्यूकेम हे इलेक्ट्रॉनिक संगीतातील कलावंत होते. याच संचात प्रोपेलरहेड्स यांनी अरनॉल्ड यांच्यासह ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ची दीर्घ आवृत्ती सादर केली. त्याच वर्षी ‘टुमारो नेव्हर डाइज’ या चित्रपटानिमित्त मोबी यांनी मूळ बाँडधुनेची पुनर्रचना केली. या दोन्ही मुद्रिका ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत पहिल्या दहांत होत्या. २००२ मध्ये पॉल ओकनफोल्ड यांचीही एक आवृत्ती आली.

सॅम्पलिंगची उदाहरणेही आहेत. स्नीकर पिंप्स यांच्या ‘सिक्स अंडरग्राउंड’ (१९९६) मध्ये ‘गोल्डफिंगर’ चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातील तुकडा आहे, तर कान्ये वेस्ट यांच्या ‘डायमंड्स फ्रॉम सिएरा लिओन’ (२००५) मध्ये ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’चा अंश आहे.

मुंबईतील परंपरा

गुप्तहेरपटांचे संगीत

बाँडपटांच्या प्रभावातून हिंदीत गुप्तहेरपटांची परंपरा निर्माण झाली. रविकांत नगाईच दिग्दर्शित ‘फर्ज’ (१९६७) मध्ये जितेंद्र यांनी एजंट ११६ ही भूमिका केली. संगीत लक्ष्मीकांत कुडाळकर व प्यारेलाल शर्मा यांचे होते. ‘आँखें’ (१९६८) या रामानंद सागर यांच्या चित्रपटाला रवी यांचे संगीत होते. ‘सुरक्षा’ (१९७९) व ‘वारदात’ (१९८१) या चित्रपटांत मिथुन चक्रवर्ती यांनी गनमास्टर जी-९ हा हेर रंगवला आणि बप्पी लाहिरी यांनी डिस्को वळणाचे संगीत दिले.

मराठी वाचकांच्या दृष्टीने ‘एजंट विनोद’ (१९७७) हा राजश्री संस्थेचा चित्रपट उल्लेखनीय आहे. त्याचे संगीतकार ‘रामलक्ष्मण’ ही जोडी दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) पासून पुढे आली होती. जोडीतील राम यांचे ‘एजंट विनोद’च्या सुमारास निधन झाले. लक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील (१९४२–२०२१), यांनी मित्राचे नाव न वगळता पुढील सर्व काम ‘रामलक्ष्मण’ याच नावाने केले. २०१२ मध्ये श्रीराम राघवन यांनी याच शीर्षकाचा नवा चित्रपट काढला. त्याचे संगीत मात्र प्रीतम यांचे व स्वतंत्र आहे.

इलेक्ट्रॉनिक वाद्ये

मुंबईच्या चित्रपटसंगीतात इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा वापर बराच जुना आहे. ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटात ऐकू येणारा पुंगीचा सूर पुंगीचा नसून क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा आहे. तो कल्याणजी वीरजी शाह यांनी वाजवला होता. पुढे कल्याणजी–आनंदजी या जोडीने ‘डॉन’ (१९७८) सह अनेक थरारपटांना संगीत दिले. १९७०च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षात आणला. १९८२ मध्ये चरणजीत सिंग या चित्रपट वाद्यवृंदातील वादकाने सिंथेसायझर व ड्रम मशीनवर दहा रागांची तबकडी काढली. त्या काळी दुर्लक्षित राहिलेली ही तबकडी २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरच्या नृत्यसंगीताच्या अभ्यासकांचे लक्ष तिने वेधले.

बॉम्बे द हार्ड वे

१९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटेल रेकॉर्ड्सने ‘बॉम्बे द हार्ड वे: गन्स, कार्स अँड सितार्स’ हा संच प्रकाशित केला. कल्याणजी–आनंदजी यांच्या १९७०च्या दशकातील थरारपटांच्या संगीतावर डॅन द ऑटोमेटर (डॅन नाकामुरा) यांनी संस्करण केले व डीजे शॅडो यांनी ठेक्यांचे काम पाहिले. मूळ वाद्यवृंदातील पितळी सुषिर वाद्ये, सतार, गिटार व तबला यांना नव्या ढोलांच्या आघातांची जोड देण्यात आली. २००१ मध्ये ‘इलेक्ट्रिक विंदालू’ या उपशीर्षकाने दुसरा भाग निघाला.

या संचाने मुंबईचे थरारपट-संगीत परदेशी श्रोत्यांच्या नव्या पिढीपर्यंत पोहोचवले. मात्र बहुतेक तुकड्यांना मूळ चित्रपटांची नावे न देता विनोदी इंग्रजी शीर्षके देण्यात आली. त्यांत चटणी, गुरू, स्वामी, गंगा अशा ठोकळेबाज प्रतिमांचा वापर आहे. परिणामी कोणता तुकडा कोणत्या चित्रपटातील, हे केवळ शीर्षकावरून श्रोत्याला कळत नाही.

‘डॉन’च्या संगीताचा पुढील प्रवास

‘डॉन’मधील आशा भोसले यांनी गायलेल्या ‘ये मेरा दिल’ या गीताची चाल ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटाने ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ (२००५) मध्ये वापरली. या गीताला पुढील वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये फरहान अख्तर यांनी ‘डॉन’ची पुनर्निर्मिती केली. शंकर–एहसान–लॉय यांनी मूळ गीतांपैकी दोन नव्या इलेक्ट्रॉनिक मांडणीत सादर केली. त्याच ध्वनिसंचात ‘मोरया रे’ हे नवे गणेशगीत आहे आणि मिडिव्हल पंडित्झ यांची एक रचनाही आहे.

लोकव्यवहारातील रूपांतरे

प्रकाशित संचांच्या बाहेरही गाजलेल्या धुनांचे इलेक्ट्रॉनिक रूपांतर नित्य घडते. मुंबई, ठाणे, रायगड व पालघर जिल्ह्यांतील बेंजो पथके हे त्याचे ठळक उदाहरण होय. येथे बेंजो म्हणजे ध्वनिवर्धकाला जोडलेले, कळा असलेले तंतुवाद्य. ते जपानी ताइशोगोतोपासून भारतात रूढ झालेल्या बुलबुल तरंगाचे विद्युत रूप आहे. त्याच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल व ताशा असतात. वसई पट्ट्यातील नायगाव, जूचंद्र यांसारख्या आगरी–कोळी वस्तीच्या परिसरात हळदी, लग्नाच्या वराती व गणेश विसर्जन यांच्या निमित्ताने अशी पथके परिचित आहेत. त्यांच्या वादनात कोळीगीते व चित्रपटगीते एकाच ठेक्यात जोडली जातात. येथे नोटेशन लिहिलेले नसते. धून ऐकून उचलली जाते. त्यामुळे मूळ रचनाकाराचे नाव वाटेतच गळून पडते.

श्रेय आणि हक्क

बाँडधुनेचा कर्ता कोण, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. ती खऱ्या अर्थाने जॉन बॅरी यांची रचना असल्याचे म्हणणाऱ्या १९९७च्या लेखाबद्दल माँटी नॉर्मन यांनी ‘संडे टाइम्स’वर बदनामीचा दावा केला. २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयात ज्यूरीने नॉर्मन यांच्या बाजूने निर्णय देऊन ३०,००० पौंडांची भरपाई मंजूर केली. रचनाकार व संयोजक यांच्या वाट्यातील ही सीमारेषा प्रत्येक रूपांतरात पुन्हा उभी राहते.

मुंबईत हा प्रश्न अधिक व्यापक आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई; परंतु धुनेला प्रत्यक्ष आकार देणारे संयोजक व वादक, ज्यांत गोमंतकीयांची संख्या मोठी होती, बहुधा अनामिक राहत. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात अशा वादकांच्या मुलाखतींच्या आधारे हा इतिहास नोंदवला आहे. नवे रूपांतर जुन्या ध्वनिमुद्रणावर आधारलेले असेल, तर त्यांचेच वादन पुन्हा ऐकू येते. नावे मात्र क्वचितच छापली जातात. भारतात वादक-गायकांच्या हक्कांना १९९४च्या दुरुस्तीने प्रथम कायदेशीर मान्यता मिळाली.

भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मध्ये २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१सी समाविष्ट झाले. कव्हर व्हर्जनसंबंधी त्यातील प्रमुख अटी पुढीलप्रमाणे आहेत:

• मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले, ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे कव्हर व्हर्जन काढता येत नाही. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती.
• रचनेच्या हक्कधारकास आगाऊ स्वामित्वधन द्यावे लागते. त्यासाठी प्रत्येक रचनेच्या वर्षाला किमान ५०,००० प्रती गृहीत धरल्या जातात.
• हक्कधारकाच्या संमतीने आधी झालेले किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेले बदल वगळता रचनेत फेरफार करता येत नाहीत.
• हे कव्हर व्हर्जन आहे, याचा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर करावा लागतो.

तिसऱ्या अटीमुळे ताल किंवा मांडणी बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रूपांतरांना या कलमाचा आधार सहसा पुरत नाही. त्यांना थेट परवानगी घ्यावी लागते. सॅम्पलिंग वा रिमिक्स असल्यास रचनेखेरीज मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाचीही परवानगी लागते.

संरक्षणाचे कालावधीही भिन्न आहेत. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे, तर संगीतरचनेला रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते; संयुक्त रचनेत शेवटी निधन पावणाऱ्या रचनाकाराचे वर्ष धरले जाते. म्हणून १९६७ मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाचे संरक्षण २०२७ अखेर संपते, पण त्यातील धून त्यानंतरही अनेक वर्षे संरक्षितच राहते. जुनी तबकडी मुक्त झाली म्हणजे तिच्यातील चालही मुक्त झाली, असा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

हे सुद्धा पहा

• कल्याणजी–आनंदजी
• रामलक्ष्मण
• चरणजीत सिंग
• जेम्स बाँड चित्रपटमालिका
• बुलबुल तरंग
• भारतीय स्वामित्व हक्क कायदा