उखळी तोफ आणि माझा अर्धा धडा

शाळेत १८१८ सालापाशी आलो की माझे एक वाक्य ठरलेले असे : "गड पडले ते फितुरीने!" मुले हळहळत, घंटा होई, धडा संपे. तीसेक वर्षे हेच सांगितले. आता निवांतपणी पुन्हा वाचायला बसलो, आणि आपण पोरांना अर्धेच शिकवले, असे वाटू लागले आहे.

आधी १६८९ पाहू. मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज दूर जिंजीला. राजधानी नाही, खजिना रिकामा. राज्य म्हणून जे काही असते ते जवळजवळ संपलेच होते. इकडची घडी रामचंद्रपंत अमात्य सांभाळत होते. लढत होती ती संताजी-धनाजींची पथके, आणि वतनाच्या आशेने, मुलखाच्या ओढीने घोड्यावर बसलेली गावोगावची माणसे. १७०० मध्ये राजारामही गेले. ताराबाई उभ्या राहिल्या. शेवटी १७०७ मध्ये औरंगजेबच अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) वारला.

हे जमले कसे? शौर्य होतेच. पण हत्यारेही बघा. भाला-तलवार गावच्या लोहाराच्या भात्यावर होई. तट्टू कडब्यावर जगे. गडावरून लोटायचे धोंडे तर फुकटच! उलट मोगलांच्या जड तोफा घाटात ओढता ओढता जनावरे टेकीला येत. साताऱ्याच्या वेढ्यात १७०० साली त्यांनी सुरुंग उडवला, तर तट त्यांच्याच माणसांवर कोसळला. म्हणून बादशहाने बरेच गड पैसे मोजून घेतले, आणि मराठ्यांनी त्यातले कितीतरी परत जिंकले. म्हणजे फितुरी तेव्हाही होती, तरी लढा चालू राहिला.

आता १८१८. बाजीराव रानोमाळ पळतो आहे. पुन्हा तशीच वेळ. पण सिंहगड मार्चमध्ये पडला, रायगड मे महिन्यात. अठरा वर्षे सोडा, काही महिन्यांत खेळ खलास. कारण समोर इंग्रजांच्या उखळी तोफा होत्या. साधी तोफ समोरचा तट फोडते. उखळीचा गोळा उंच चढून तटावरून आत पडतो आणि तिथे फुटतो. रायगडावर बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. तिथले वाडे पेटले. ज्या उंच कड्यावर सगळी भिस्त, तोच कामाचा राहिला नाही.

असा गोळा गावचा लोहार ओतू शकत नाही. त्याला कारखाना लागतो, शिकलेला गोलंदाज लागतो, दर महिन्याला पगार लागतो. थोडक्यात, पाठीशी भक्कम सरकार लागते.

अर्थात सगळे तोफेवर ढकलणेही बरे नव्हे. १६८९ ला लढाई लोकांना आपली वाटत होती. दुसऱ्या बाजीरावासाठी तसे कितीजणांना वाटले असेल?

२०२२ साली पेटलेल्या युक्रेनच्या युद्धात साध्या माणसांनी घरी बसून ड्रोन जोडले, तेव्हा मनात आले, लोहाराचा भाला परत आला की काय! पण त्यातली मोटर आणि चिप कुठल्यातरी कारखान्यातूनच येते. पुरता परत आलेला नाही.

असो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्या एका वाक्यापुढे एवढे जोडून घ्या. शिबंदीतल्या ज्या माणसांना मी सरसकट फितूर म्हटले, त्यांतले पुष्कळजण पेटत्या वाड्यांखाली उभे होते.