कातळावरचं फुरसं आणि शर्यतीचा लंगडा घोडा

आमच्या जामसंड्यात घोडा कुणी पाळत नाही. या कातळावर त्याने चरायचं तरी काय? तरीही फुरसं चावून इंजेक्शनामुळे जगलेला इथला प्रत्येक माणूस घोड्याचं देणं लागतो. बागेत गडगा रचायला येणाऱ्या गड्यांना हे सांगितलं की ते हसतात.

फुरसं म्हणजे हातभर लांबीचा, चिऱ्याच्या रंगात मिसळून जाणारा साप. उन्हाच्या वेळी दगडाखाली वेटोळं घालून बसतो, आणि नेमका तोच दगड आपल्याला उचलायचा असतो. १९८१ पर्यंत आपण रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. त्या जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरशी मारण्यासाठी बक्षिसं लावली. मेलेल्या फुरशांचे आकडे लाखांत गेले, तरी फुरशी उरलीच. चावल्यावर रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून वाहू लागतं. डॉक्टर आजही काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर इंजेक्शन.

ते इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून बनतं, आणि तो घोडा येतो शर्यतीच्या मैदानातून. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास नागविषावरचा उतारा सिद्ध केला. पण नागाचा उतारा फुरशाला चालत नाही. म्हणून आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचा एकत्र उतारा करावा लागला. मुंबईत हे काम परळच्या हाफकिन संस्थेत चाले. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे याच संस्थेला दिले जात. टेंडन दुखावलेला घोडा महालक्ष्मीच्या मैदानात कवडीमोलाचा. पण रक्त द्यायला धावावं लागत नाही. घोडे आपले आणि सीरम दुसऱ्याचं, मग आपणच का करू नये, असं सायरस पूनावालांच्या मनात आलं आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगाला लशी पुरवणाऱ्या कारखान्याचं मूळ असं तबेल्यात आहे.

घोड्याला आधी विषाची अगदी थोडी मात्रा टोचतात, मग काही महिने ती वाढवत नेतात. शरीर उतारा तयार करू लागलं की मानेच्या शिरेतून रक्त काढतात, प्लाझ्मा वेगळा करतात. तो शुद्ध करून सुकवतात, म्हणून त्याची पूड फ्रीजशिवायही टिकते. एका मिलिलिटरने फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी होतं. दहा मिलिलिटरच्या एका कुपीने भागत नाही ते यामुळे.

याला लोक घोड्याचं ‘नवं आयुष्य’ म्हणतात. मला ते पटत नाही. ही दुसरी नोकरी आहे, तीही न विचारता लावलेली. २०१६ च्या सुमारास पशुकल्याण मंडळाच्या तपासणीत अशा काही तबेल्यांत अशक्त, रक्त कमी झालेले, डोळे बिघडलेले घोडे आढळले. ज्याच्या रक्तावर आपण जगतो त्याला पोटभर चारा, दोन खेपांमध्ये पुरेशी विश्रांती आणि शेवटी मोकळं कुरण मिळायला हवं. सरकारने ही अट इंजेक्शनाच्या खरेदीतच घालावी.

आणि आपण? फुरसं चावलं तर करकचून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. पाय हलू न देता माणसाला गाडीत घाला, इंजेक्शन आहे ना हे वाटेतूनच फोनवर विचारा आणि सरळ रुग्णालय गाठा.