घर, हप्ता आणि महागाई

मुंबईंत गांवदेवी येथें 1915 सालीं सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. एकट्याला न पेलणारा घराचा भार मध्यमवर्गानें मिळून उचलावा, हा तिचा हेतु. पुढें 1977 सालीं हसमुखभाई पारेख यांनीं एचडीएफसी काढून दुसरी वाट दाखविली. उतारवयांतील पुंजीची वाट न पाहतां, उमेदीच्या काळांतील मिळकतीवर कर्ज काढून माणसानें घर करावें, असें त्यांचें म्हणणें.

परंतु मिळकतीवर उभारलेल्या घरास महागाईची झळ लागतेच. एप्रिल 2022 मध्यें किरकोळ महागाई 7.79 टक्क्यांवर गेली. तिला आवर घालण्यासाठीं रिझर्व्ह बॅंकेनें मे 2022 पासून फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो दर 4 वरून 6.50 टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर 2019 पासून बॅंकांचीं बदलत्या व्याजाचीं नवीं घरकर्जें बाह्य दराशीं बांधलीं गेलीं होतीं. त्यामुळें ही वाढ लवकरच ऋणकोच्या दारीं पोहोंचली. वीस वर्षांच्या 20 लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता 7 टक्क्यांनीं सुमारें 15,500 रुपये, तर 9.50 टक्क्यांनीं सुमारें 18,650 रुपये होतो.

त्यांतच, 75 लाखांवरील कर्ज घरकिंमतीच्या 75 टक्क्यांहून अधिक देऊं नये, हा दंडक होता. तो जाचक वाटे. पण किंमत उतरल्यास ठेवीदाराचें रक्षण त्यानेंच होई. कर्ज कितीही सुलभ झालें, तरी पहिली वीट शिलकीचीच बसवावी लागते.