डाव्याच पायाचें कोडें

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसींत यंत्रमागांवर टॉवेल आणि चादरी विणल्या जातात, आणि मागावरील कामगाराची पाळी बहुतांशीं उभ्यानेंच सरते. अशा कामगाराचा पाय सुजला, तर पहिला दोष उभें राहण्यावर येतो. आणि हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत सोलापूरची गणना झालेली असल्यानें दुसरा संशय त्या रोगाचा. दोन्ही तर्क वाजवीच. परंतु सूज एकट्या डाव्या पायास, त्यांतून तरुण स्त्रीच्या, असेल तर तिसरें एक विरळ कारण संभवतें. आणि तें पायांत नसून पोटांत असतें.

पायांच्या शिरांतील रक्ताच्या गुठळ्या डावीकडेच अधिक कां होतात, हा प्रश्न जर्मन शास्त्रज्ञ फिरखो यांनीं १८५१ मध्यें मांडला. महाधमनी कमरेजवळ दुभंगते, आणि तिची उजवी शाखा डाव्या पायाकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेला ओलांडून जाते. खालीं मणक्याचें हाड, वर ठोके देणारी धमनी, मध्यें मऊ शीर! ही रचना बहुतेकांची असते. म्हणून नुसता दाब म्हणजे रोग नव्हे. माय आणि टुर्नर या ऑस्ट्रियन वैद्यांनीं १९५७ मध्यें ४३० शवांच्या तपासणीची हकीकत प्रसिद्ध केली. सुमारें २२ टक्के शवांत त्यांना शिरेच्या आंत तंतुमय पडदे आढळले. धमनीच्या अखंड ठोक्यांनीं आंतली भिंत जाड होते, असें त्यांचें मत पडलें.

उपाय मात्र सोपा नव्हता. शिरेंतला प्रवाह मंद. तिला टांका घातला कीं तेथेंच गुठळी धरण्याची भीति. कोणी धमनी कापून शिरेमागें पुन्हां जोडली, कोणी शीर उघडून पडदे काढले. उरुग्वेचे शस्त्रवैद्य पाल्मा यांनीं १९५० नंतरच्या दशकांत अडथळ्याला हातच लावला नाहीं. निरोगी पायाची वरवरची शीर खालून सोडवून त्यांनीं ओटीपोटाच्या त्वचेखालून पलीकडे नेली आणि आजारी पायाच्या शिरेला जोडली. बुजलेल्या पाटाचें पाणी शेजारच्या पाटांत वळवावें तसें.

१९९० नंतर जाळीदार धातूची नळी शिरेंतूनच आंत सरकवून दबलेली जागा उघडी ठेवण्याची पद्धति आली, आणि पोट उघडण्याचा प्रसंग क्वचितच उरला. त्यानंतरही रक्त न गोठण्याचीं औषधें घ्यावींच लागतात. पण निदानाची अडचण जुनीच आहे: केवळ पायापुरती केलेली सोनोग्राफी जांघेपाशीं थांबते, आणि दबलेली शीर त्याच्या वर असते.