मध्यस्थीची प्रार्थना (ख्रिस्ती धर्म)

स्वतःसाठी नव्हे, तर दुसऱ्यासाठी देवाकडे केलेल्या विनवणीस ख्रिस्ती धर्मात मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. देव मुळातच करुणामय आहे, म्हणून इतरांचे दुःख त्याच्यापुढे मांडता येते, ही या प्रार्थनेमागील श्रद्धा होय. मध्यस्थी कोणी करावी आणि कोणाकडे मागावी, याविषयी ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत पौर्वात्य कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही परंपरा आढळतात.

संज्ञा

बायबलच्या जुन्या करारात करुणेसाठी येणारा ‘रहमीम’ हा हिब्रू शब्द गर्भाशयवाचक ‘रेहेम’ या शब्दाशी संबंधित आहे. नव्या करारात येशूला दुःखितांविषयी वाटलेल्या भावनेसाठी जे ग्रीक क्रियापद योजले आहे, ते आतडी या अर्थाच्या शब्दापासून बनले आहे. मराठीतील ‘आतडे तुटणे’ हा वाक्प्रचार त्याच्या अगदी जवळचा असून मराठी बायबलात अशा ठिकाणी ‘कळवळा’ हा शब्द येतो. दुसऱ्याच्या वतीने रदबदली करणे या अर्थी ‘मध्यस्थी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती लेखनात रूढ आहे.

बायबलमधील आधार

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोम नगरासाठी देवाकडे गयावया करतो. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवावे, येथून सुरुवात करून तो दहापर्यंत खाली येतो. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात, सोन्याचे वासरू पूजणाऱ्या लोकांना क्षमा व्हावी म्हणून मोशे स्वतःचे नाव देवाच्या पुस्तकातून पुसले जाण्यासही तयार होतो.

शुभवर्तमानांत कनानी स्त्री मुलीसाठी, तर रोमी शताधिपती आपल्या चाकरासाठी येशूकडे याचना करतो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षघाती माणसाला छप्पर उकलून येशूपुढे उतरवतात. क्रुसावर असताना येशूने आपल्या मारेकऱ्यांना क्षमा मागितली, असे लूक सांगतो. पुनरुत्थित ख्रिस्त भक्तांसाठी सदैव मध्यस्थी करतो, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे.

करुणामय देवाला विनवावे का?

देव सर्वज्ञ व दयाळू असेल, तर त्याला आठवण करून देण्याची गरज काय, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. तेराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या मते प्रार्थनेने देवाचा निश्चय बदलत नाही. काही गोष्टी प्रार्थनेच्या द्वारेच घडाव्यात, असेच देवाने योजलेले असते. या विचारानुसार मध्यस्थ हा नाखूश देवाचे मन वळवणारा वकील ठरत नाही. देवाच्या करुणेत वाटेकरी होण्याची ती माणसाला मिळालेली संधी ठरते.

पंथभेद

ख्रिस्त हाच देव व मानव यांच्यामधील एकमेव मध्यस्थ आहे, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील विधान सर्व प्रमुख पंथ मान्य करतात. मतभेद संतांविषयी आहे. जिवंत शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ असे सांगता येते, तसे स्वर्गवासी संतांनाही सांगता येते, असे कॅथलिक व ऑर्थोडॉक्स पंथ मानतात. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये या प्रथेचे समर्थन केले. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया हे महाराष्ट्रातील कॅथलिकांचे असेच एक संत होत. त्यांना १८६२ मध्ये संतपद देण्यात आले.

प्रोटेस्टंट सुधारकांनी संतांकडे याचना करणे नाकारले, मात्र परस्परांसाठी प्रार्थना करणे कायम ठेवले. अँग्लिकन पंथाच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातील लितानीत संतांची विनवणी ठेवली गेली नाही. आजारी, प्रवासी, कैदी व अनाथ यांच्यासाठीच्या विनंत्या मात्र राहिल्या.

चंद्रपूर व गडचिरोली

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनकार्य सुरू केले. १९०३ मध्ये नागपूरचा अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन झाला. हा वारसा १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आला.

१९६२ मध्ये सिरो-मलबार चर्चसाठी येथे चांदा हे स्वतंत्र मिशनक्षेत्र स्थापन झाले व ते सी.एम.आय. या संन्यासी संघाकडे सोपवण्यात आले. १९७७ मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याचे मुख्य मंदिर बल्लारपूर येथे आहे. चंद्रपूरचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, तरी धर्मप्रांताचे ‘चांदा’ हे जुने नाव कायम राहिले. या चर्चच्या पूर्व-सिरियाई उपासनेत ‘कारोझूथा’ नावाचा मध्यस्थीचा भाग असतो. या शब्दाचा अर्थ घोषणा असा आहे. एक जण विनंत्या उच्चारतो आणि सर्व उपासक देवाची दया मागून प्रत्येक विनंतीला साथ देतात. त्यामुळे मध्यस्थी ही एकट्या याजकाची न राहता संपूर्ण समुदायाची होते.

प्रार्थना आणि सेवा

मराठी ख्रिस्ती इतिहासात मध्यस्थी व सेवा यांची सांगड पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या कार्यात स्पष्ट दिसते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणून त्यांना आश्रय दिला. चांदा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात मोडत असे. पुढे जानेवारी १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सुमारे ७० स्त्रियांचा प्रार्थनागट त्यांनी सुरू केला. जूनपर्यंत ही संख्या सुमारे ५५० झाली. स्वतःबरोबरच भारतातील सर्व ख्रिस्ती लोकांसाठी हा गट प्रार्थना करीत असे.

उघड्या व उपाशी माणसाला केवळ शुभेच्छा देऊन निरोप देणे व्यर्थ आहे, असा इशारा याकोबाच्या पत्रात आहे. याच पत्रात एकमेकांसाठी प्रार्थना करण्याचा आदेशही आहे. त्यामुळे ज्याच्यासाठी प्रार्थना करावी त्याच्यासाठी शक्य ते करणे, हे मध्यस्थीचेच अंग मानले जाते.